शिशाची ग्वाही

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वाचतो. मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केलं, पक्षश्रेष्ठींनी उमेदवाराच्या नावावर शिक्कामोर्तब केलं. शब्द वापरून इतका गुळगुळीत झालाय, की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षातच येत नाही. मराठेशाहीतल्या कागदावर वरच्या बाजूला शिक्का उमटवत आणि मजकूर संपला की खाली मोर्तब करत. हे कुणाचं बोलणं आहे ते शिक्का सांगे. बोलणं इथे संपलं, यापुढे कुणी ओळ घुसडलेली नाही, हे मोर्तब सांगे. दोन्ही शाईचेच ठसे, त्यामुळे त्यांचं नशीब कागदाशी बांधलेलं. कागद जळला की शिक्का गेला, कागद टिकला की शिक्काही टिकला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांत असे कागद आणि त्यांच्यावरचे शिक्के आजही एकत्र नांदताहेत.

गेले काही महिने मी ज्या मुद्रा बघतेय, त्यांच्या बाबतीत ही जोडी फुटली. कागद गेले आणि मुद्रा राहिल्या. बायझंटाइन साम्राज्याचे सम्राट, अधिकारी आणि धर्मगुरू आपल्या पत्रांना, हुकमांना, दानपत्रांना शिशाची मुद्रा लावत. जगभरच्या संग्रहांत मिळून अशा ६०,०००हून अधिक मुद्रा आज आहेत. त्यांतल्या सुमारे १७,००० एकट्या वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या संस्थेकडे आहेत. या संस्थेचा कॅटलॉग इंटरनेटवर खुला आहे. एकेका मुद्रेच्या दोन्ही बाजूंचे फोटो, ग्रीक अक्षरांचं वाचन, अर्थ, अंदाजे काळ असं सगळं त्यात मिळतं. बहुतेक मुद्रा आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, करड्या रंगाच्या, कडेला चिरलेल्या. पण ज्या पत्राला ती मुद्रा लटकत होती, त्या पत्राबद्दल कॅटलॉगमध्ये काहीच नसतं, कारण ते पत्रच उरलेलं नसतं.

बायझंटाइन हे नाव त्या लोकांनी स्वतःला कधी लावलं नाही. ते युरोपातल्या विद्वानांनी नंतर दिलं. ते स्वतःला रोमनच म्हणवत. ३३० साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठावर नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. पश्चिमेतलं रोमन साम्राज्य पाचव्या शतकात कोसळलं, पण पूर्वेतलं चालू राहिलं, ते थेट १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेईपर्यंत. भाषा ग्रीक झाली, धर्म ख्रिस्ती झाला, प्रांत हातचे गेले, पण आपण रोमन आहोत हा दावा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. हा दावा जिथे सर्वांत कमी जागेत मांडावा लागे, ती जागा म्हणजे सम्राटाची मुद्रा.

*

मुद्रा करण्याची पद्धत साधी होती. साच्यात शिसं ओतून आधी कोरी चकती करायची. ओततानाच तिच्या पोटातून आरपार एक बारीक नळी राखलेली असे. पत्राची घडी घालून तिच्याभोवती दोरा बांधायचा आणि दोऱ्याची टोकं त्या नळीतून ओवायची. मग ती चकती बुलोतेरिऑनच्या जबड्यात धरायची. बुलोतेरिऑन म्हणजे लोखंडाची दणकट सांडशीच. तिच्या दोन्ही जबड्यांना आतून उलटी अक्षरं आणि चित्रं कोरलेली असत. वरच्या जबड्याच्या पाठीवर एक उंचवटा असे, त्यावर हातोड्याचा घाव घालायचा. शिसं मऊ असल्यामुळे दोन्ही बाजूंना ठसा एकदमच उमटे आणि पोटातली नळी चेपून दोरा आतमध्ये आवळला जाई. आता पत्र उघडायचं तर दोरा कापायला हवा किंवा मुद्रा तोडायला हवी. वाटेत चोरून वाचलं आणि पुन्हा होतं तसं करून ठेवलं, हे जमण्यासारखं नव्हतं. दानपत्रासारखा उघडा ठेवायचा दस्तऐवज असेल, तर मुद्रा खालच्या बाजूला दोऱ्याने लोंबत ठेवत.

यात सगळ्यांत जोखमीची वस्तू म्हणजे ती सांडशी. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती मालकाचा शब्द. म्हणून मालक वारला किंवा पदावरून गेला, की तिच्यावरचे ठसे निकामी करत. मुद्रा हजारोंनी सापडतात आणि त्या उमटवणाऱ्या सांडश्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, याचं कारण बहुधा हेच.

सम्राटाकडे शिशाशिवाय इतर पर्यायही होते. मोठी दानपत्रं आणि परराजांना लिहिलेली पत्रं यांना सोन्याची मुद्रा लागे. अशा दस्तऐवजाला ख्रिसोबुल म्हणत, म्हणजे सोनमुद्रेचा कागद. घरच्या माणसांना लिहिताना मेण चाले. रोजच्या राज्यकारभाराला शिसं. कुणाला किती सोनं लावायचं याचेही नियम होते. दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याच्या देखरेखीखाली दरबारी रीतिरिवाजांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात परदेशी राजांना पत्र लिहिताना मायना कसा घालायचा आणि मुद्रा किती वजनाची लावायची, याची यादीच दिली आहे. वजन मोजायचं ते सॉलिडस या सोन्याच्या नाण्यात. एक सॉलिडस सुमारे साडेचार ग्रॅमचा. रोमच्या पोपला आधी एका सॉलिडसची मुद्रा जाई, ती पुढे दोनची झाली. खझारांच्या खागानला तीन. बगदादच्या खलिफाला चार. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई चालली होती त्या मुसलमान खलिफाला, आपल्याच धर्माच्या पोपच्या दुप्पट सोनं! मानपान श्रद्धेवरून ठरत नव्हता, समोरच्याच्या ताकदीवरून ठरत होता, आणि तो चक्क तराजूत घातला जात होता.

याच यादीत 'इंडियाच्या अधिपती'ला पत्र लिहिण्याचा मायनाही आहे. 'आमचा प्रिय मित्र' असं त्याला संबोधायचं. नावाची जागा मोकळी, त्या वेळी जो कुणी असेल त्याचं नाव घालायचं. हे वाचून मी क्षणभर हरखले होते. पण ग्रीक लेखकांचा 'इंडिया' हा फार सैल शब्द होता. कधी तो आपल्याकडे बोट दाखवतो, कधी तांबड्या समुद्रापलीकडच्या इथिओपियाकडे. तेव्हा एखादी सोनमुद्रा राष्ट्रकूटांच्या दरबारात पोचली असेल, अशी कल्पना करण्याचा मोह आवरलेलाच बरा. एवढं मात्र खरं, की कॉन्स्टँटिनोपलच्या कारकुनाच्या टेबलावर 'इंडिया'साठी एक मायना तयार होता.

सोन्याच्या त्या मुद्रांचं पुढे काय झालं, हे सांगायला नकोच. मोजक्या काही वाचल्या, बाकीच्या वितळल्या. पत्र वाचून झाल्यावर त्याला लटकलेलं सोनं कोण तसंच ठेवील? राजधानीतलं दफ्तरही राहिलं नाही. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, १४५३ साली शहर पुन्हा पडलं, आणि मधल्या काळातल्या आगी वेगळ्याच. बायझंटाइन सम्राटांचे जे मूळ कागद आज मिळतात, ते प्रामुख्याने ज्यांना पाठवले त्यांच्याकडे टिकलेले आहेत. आथोस पर्वतावरच्या मठांनी आपल्या जमिनींची दानपत्रं जिवापाड जपली. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात नवव्या शतकातल्या एका पत्राचा पपायरसवरचा तुकडा राहिला. त्याआधीच्या शतकांतले बादशाही कागद जवळजवळ शून्य.

शिशाला मात्र कुणी हात लावला नाही. वितळवून फार पैसे मिळत नव्हते. मातीत आणि पाण्यात ते फारसं कुजत नाही. वरचा थर एकदा गंजला की तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. क्रायमियातल्या चेरसन या जुन्या बंदराच्या काठाशी उथळ पाण्यात शेकडो मुद्रा सापडल्या. बल्गेरियातल्या प्रेस्लाव्हला बायझंटाइन लष्करी अधिकाऱ्याच्या दफ्तरातल्या मुद्रांचा साठा मिळाला. खुद्द इस्तंबूलमध्ये एकोणिसाव्या शतकात त्या इतक्या निघत होत्या, की ग्युस्ताव्ह श्लुम्बर्जे या फ्रेंच अभ्यासकाने त्या गोळा करून १८८४ साली त्यांच्यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. बायझंटाइन मुद्रांचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. गंमत अशी, की समुद्राच्या पाण्यात टिकलेलं हे शिसं संग्रहालयाच्या ओकच्या लाकडी कपाटात धोक्यात येतं. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं झडून जातात.

*

सम्राटांच्या मुद्रा एकामागून एक लावून पाहिल्या, की एक विचित्र गोष्ट जाणवते. इतिहासकारांच्या बखरी एखाद्या राजाबद्दल लिहितात त्या बहुधा तो मेल्यावर, आणि पुष्कळदा त्याच्या शत्रूंच्या बाजूने. मुद्रा मात्र त्याच्या हयातीत, त्याच्याच हुकमाने उमटलेली. ती खरं सांगतेच असं नाही, पण त्याला काय सांगायचं होतं, ते ती नक्की सांगते.

सहाव्या शतकातल्या पहिल्या जस्टिनियनच्या मुद्रेवर एका बाजूला सम्राटाचा अर्धपुतळा आणि दुसऱ्या बाजूला पंखवाली विजयदेवता. जुन्या रोमन नाण्यांवरची ही ओळखीची मंडळी. त्या शतकाच्या अखेरीस, मॉरिस सम्राटाच्या काळात, विजयदेवता जाते आणि तिच्या जागी बालख्रिस्ताला छातीशी धरलेली मेरी येते. राज्य आता जुन्या रोमच्या देवतेच्या भरवशावर नाही, देवाच्या आईच्या भरवशावर आहे. पुढे ६२६ साली अवार आणि इराणी फौजांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा मेरीनेच शहर वाचवलं अशी लोकांची श्रद्धा बसली. मुद्रेवर ती त्याआधीच येऊन बसली होती.

आठव्या शतकात मेरीही जाते. ७१७ साली गादीवर आलेल्या तिसऱ्या लिओच्या सुरुवातीच्या मुद्रांवर ती आहे. ७२० साली त्याने आपला लहानगा मुलगा कॉन्स्टंटाइन याला सहसम्राट केलं. दोघांच्या नावाच्या मुद्रांवर मात्र मेरी नाही. तिथे पायऱ्यांवर उभा असलेला क्रूस आहे आणि भोवती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचा उल्लेख. मागच्या बाजूला तर सम्राटाचा चेहराही नाही, फक्त अक्षरं: 'लिओ आणि कॉन्स्टंटाइन, रोमनांचे श्रद्धावान सम्राट'.

लिओ हा मूर्तिभंजनाच्या वादाचा पहिला सम्राट. देवाची चित्रं पूजणं म्हणजे मूर्तिपूजा, असं म्हणणारा एक पक्ष त्याच्या काळापासून राज्यात वरचढ झाला, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं हा वाद मधला काही काळ वगळता धुमसत राहिला. त्यामुळे मेरी गेली ती या धोरणामुळेच, असं म्हणायचा मोह होतो. पण मुद्रेवर साल नाही. ७२० ते ७४१ यांच्यामध्ये ती कधीही उमटलेली असू शकते. शिवाय ७२० सालीच चांदीचं एक नवं नाणं निघालं होतं, त्यावरही असाच पायऱ्यांवरचा क्रूस आणि असाच अक्षरांचा मजकूर. कदाचित मुद्रा कोरणाऱ्याने नाण्याचा नमुना उचलला आणि धर्माचा वाद नंतर तापला. चित्र नाहीसं झालं एवढं मुद्रा सांगते, का झालं ते सांगत नाही. ८४३ साली चित्रं कायमची परत आली. त्यानंतर सम्राटांच्या मुद्रांवर ख्रिस्ताचा चेहरा स्थिरावला.

लिओच्या मुद्रेतला 'रोमनांचे' हा शब्दही थांबून बघण्यासारखा आहे. एरवी इतिहासाच्या पुस्तकांत या शब्दाची गोष्ट शार्लमेनपासून सुरू होते. ८०० सालच्या नाताळात पोपने रोममध्ये शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. कॉन्स्टँटिनोपलला हे चोरी वाटलं. शेवटी ८१२ साली त्यांनी त्याला 'सम्राट' म्हणायचं कबूल केलं. त्याच सुमारास बायझंटाइन नाण्यांवर 'रोमनांचा सम्राट' ही उपाधी दिसू लागते. जणू सांगत होते, की सम्राट कुणीही म्हणवून घ्या, रोमनांचे सम्राट आम्हीच. पण शिशाच्या मुद्रेवर ही उपाधी त्याआधीच, आठव्या शतकात आहे. म्हणजे शार्लमेनच्या धक्क्यातून ती जन्मली नाही. ती दफ्तरात पडून होती, धक्क्याने ती बाजारातल्या नाण्यावर आली.

शार्लमेनची मानली जाणारी एक शिशाचीच मुद्रा पॅरिसमध्ये आहे. तिच्यावर रोमन साम्राज्याच्या पुनरुज्जीवनाची लॅटिन घोषणा आहे. पोपही शिशाचीच मुद्रा वापरत. रोमच्या वारशावर तिघांचे दावे आणि तिघांच्याही हातात तोच करडा धातू! पोपच्या या मुद्रेला लॅटिनमध्ये 'बुला' म्हणत. त्यावरून पोपच्या फर्मानालाच 'बुल' हे नाव पडलं. तिच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांची डोकी, दुसरीकडे पोपचं नाव. दोऱ्यालाही अर्थ असे. कृपेचं फर्मान असेल तर रेशमी, न्यायनिवाड्याचं असेल तर तागाचा. तिसऱ्या पॉलच्या १५३४ सालच्या अशाच एका बुलने गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. कॉन्स्टँटिनोपल पडून तेव्हा ८१ वर्षं झाली होती. सम्राटांची सांडशी कायमची थंडावली होती, पण त्याच जुन्या रोमन सवयीची दुसरी फांदी मांडवीच्या काठापर्यंत येऊन पोचली होती.

*

आता एका मुद्रेसाठी मला सातव्या शतकात मागे जावं लागतंय. हा लेख लिहावासा वाटला तो तिच्यामुळे.

ती खुद्द सम्राटाच्या दफ्तरातली नाही, पण तिच्यावर सम्राट आहे. त्या काळी सरकारी वखारी सांभाळणारे, मालाचे आणि कराचे व्यवहार बघणारे अधिकारी असत. त्यांच्या मुद्रांवर सम्राटाचं चित्र आणि इंडिक्शनचा आकडा असे. इंडिक्शन म्हणजे पंधरा वर्षांचं चक्र, मूळ कर आकारणीसाठी आखलेलं. एक ते पंधरा मोजायचं आणि पुन्हा एकपासून. या मुद्रेवर उभा आहे तो दुसरा जस्टिनियन. अधिकाऱ्याचं नाव गिऑर्गिओस, किताब 'माजी कॉन्सल'. इंडिक्शन आठवं. आणि माल? मजकूर सांगतो, बिथिनिया प्रांतातली स्लाव 'आंद्रापोदा'. हा ग्रीक शब्द गुलामांसाठी वापरत. शब्दशः अर्थ 'माणसाच्या पायांचे'. गुरांसाठी 'चार पायांचे' असा शब्द होता, त्याच्याच चालीवर हा बनवलेला.

आठवं इंडिक्शन दुसऱ्या जस्टिनियनच्या राजवटीत दोनदा आलं. एकदा ६९४-९५ मध्ये आणि एकदा ७०९-१० मध्ये. दुसऱ्या खेपेला त्याने मुलगा तिबेरिओस याला सहसम्राट केलं होतं, आणि नाण्यांवर बापलेक एकत्र दिसतात. इथे तो एकटा आहे. म्हणून अभ्यासक ६९४-९५ हे वर्ष धरतात.

या वर्षाआधी काय घडलं, ते थिओफानेस या भिक्षूने नवव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या बखरीत आहे. जस्टिनियनने बाल्कनमध्ये स्वारी करून तिथल्या पुष्कळ स्लाव लोकांना बायकामुलांसकट उचललं आणि आशिया मायनरमध्ये, बिथिनियाच्या परिसरात नेऊन वसवलं. त्यांच्यातले ३०,००० पुरुष निवडून त्यांचं सैन्य उभारलं आणि त्याला बायबलमधल्या शब्दांत 'निवडक प्रजा' असं नाव दिलं. नेबुलोस नावाचा त्यांच्यातलाच एक जण त्यांचा म्होरक्या झाला. मग सेबास्टोपोलिसपाशी अरबांशी लढाई झाली. अरब सेनापतीने नेबुलोसला नाण्यांनी भरलेला भाता पाठवला, आणि २०,००० स्लाव अरबांना जाऊन मिळाले. चिडलेल्या जस्टिनियनने मागे उरलेल्यांना बायकामुलांसकट ठार मारलं. इति थिओफानेस.

आता गिऑर्गिओसची मुद्रा या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. ती एकटी नाही. त्याच वर्षाच्या, त्याच अधिकाऱ्याच्या, स्लाव गुलामांचा उल्लेख असलेल्या आणखी मुद्रा सापडल्या आहेत, त्यांच्यावर आशिया मायनरमधल्या इतर प्रांतांची नावं आहेत. ज्यांना ठार मारलं म्हणून बखर सांगते, ते एक-दोन वर्षांनी वेगवेगळ्या प्रांतांत सरकारी मुद्रेखाली नोंदले जाताहेत. अभ्यासकांमध्ये इथे दोन मतं आहेत. काही जण म्हणाले, हे त्या स्लाव लष्करी वसाहतींबद्दल आहे. दुसरा पक्ष म्हणतो, शब्दाचा अर्थ सरळ घ्या: बाकीच्यांना मारलं नाही, विकलं, आणि विक्रीचा हिशेब सरकारी वखारीच्या अधिकाऱ्याने ठेवला. मला दुसरं मत पटतं. सैनिकांना कुणी आपल्याच मुद्रेवर 'माणसाच्या पायांचे' म्हणणार नाही. शिवाय कत्तल करून सम्राटाचा राग शांत होईल, पण खजिन्यात काही पडणार नाही. थिओफानेस जस्टिनियनला राक्षस ठरवण्याच्या भरात होता. त्याला कत्तल सोयीची होती. मुद्रेला तसलं काही सिद्ध करायचं नव्हतं. तिला फक्त व्यवहार पक्का करायचा होता.

याच जस्टिनियनने आणखी एक गोष्ट केली. आपल्या नेहमीच्या सोन्याच्या नाण्यावर ख्रिस्ताचा चेहरा आणणारा पहिला बायझंटाइन सम्राट तोच. त्या नाण्यावर ख्रिस्त 'राज्य करणाऱ्यांचा राजा' आहे, आणि मागच्या बाजूला क्रूस धरून उभा असलेला जस्टिनियन स्वतःला लॅटिनमध्ये 'सेर्वुस क्रिस्ती' म्हणवतो. ख्रिस्ताचा दास. 'सेर्वुस' म्हणजे गुलामच, रोमन कायद्यात गुलामासाठी तोच शब्द. हे नाणं आणि त्या मुद्रा यांच्यात फार तर काही वर्षांचं अंतर आहे. सोन्यावर सम्राट स्वतः गुलाम आहे, नम्रतेने, डोक्यावर मुकुट ठेवून. शिशावर तो सम्राट आहे, आणि गुलाम दुसरेच कुणीतरी आहेत. सोन्यावरचा दास इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. शिशावरच्या दासांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्या मुद्रांवर अधिकाऱ्याचं नाव आहे, किताब आहे, प्रांत आहे, वर्ष आहे. ज्यांच्याबद्दल हे सगळं होतं, त्यांचा उल्लेख एका शब्दात, अनेकवचनात.

६९५ साली राजधानीत उठाव झाला. जस्टिनियनचं नाक कापून त्याला चेरसनला हद्दपार केलं, त्याच चेरसनला, जिथे पुढे उथळ पाण्यात मुद्रा सापडायच्या होत्या. दहा वर्षांनी तो परतला, पुन्हा गादीवर बसला, सूड घेतले, आणि ७११ साली मारला गेला. नाकाची ही कहाणी इतकी भडक आहे, की त्याच्याबद्दल लिहिताना सगळे तीच सांगतात. मीही सांगितलीच.

*

मुद्रांचा हा कॅटलॉग वाचताना सुरुवातीला मला वाटायचं, की ही हरवलेल्या पत्रांची पाकिटं आहेत. पत्र असतं तर सगळं कळलं असतं, मुद्रा म्हणजे नुसती उरलीसुरली खूण. आता तसं वाटत नाही. पत्र हातात आलं असतं, तर त्यातही बोलणारा तोच असता: सम्राट किंवा त्याचा अधिकारी, नियम आणि तारीख सांभाळून लिहिणारा. त्याने विकल्या गेलेल्या बाईचं म्हणणं त्यात लिहिलं नसतं. मुद्रा निदान तेवढ्या बाबतीत प्रामाणिक आहे. आपण एका बाजूचा शब्द आहोत, हे ती लपवत नाही. ती कुणाचा शब्द आहे ते ठसठशीत अक्षरांत सांगते आणि गप्प होते.

या मुद्रा बघताना माझं लक्ष हल्ली चित्रांपेक्षा कडेला जास्त जातं. चकतीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बारीक भोकं दिसतात, ज्यातून दोरा गेला होता तिथली. क्वचित एखाद्या मुद्रेत तो दोराही सापडतो, काळा पडलेला, शिशाने अजून घट्ट धरलेला. त्याची दोन्ही टोकं बाहेर आली की तिथेच संपतात. त्यापुढे कधीकाळी एक घडी होती, घडीत मजकूर होता, आणि मजकुरात माणसं.